साडेतेवीस तोळे

गंगावेशीच्या कट्ट्यावर आमच्या तीन म्हशी उभ्या असतात.
गिऱ्हाईक पेला पुढं करतं, धार पेल्यात पडते,
फेस मिशीला लागतो.
चाळीस वर्षं हेच.
आणि मागच्या बोळात, आमच्या गोठ्यात,
पेंडीच्या पोत्यांच्या आडोशाला
सुंठी व्याली. पाच पिल्लं.
दूध नाही.

म्हणजे अगदीच नाही असं नाही.
हौसानं बोटानं दाबून पाहिलं,
टाचणीच्या डोक्याएवढा थेंब आला
आणि तिथंच थांबला.
पिल्लं रात्रभर किरकिरत होती,
बिजागरीला तेल नसलेल्या दारासारखी.

मी म्हटलं, चरवी आहे की भरलेली.
शिंत्रे डॉक्टरीणबाई म्हणाल्या, म्हशीचं नको, पोटं बिघडतील.
दोन दिवस बघू, नाहीतर पावडर आहे.
पिल्लं तिलाच लावत राहा,
ओढलं की येतं.
रोज वजन करा. आणि तिला पाणी, भरपूर पाणी,
दूध म्हणजे शेवटी पाणीच.
कट्टा हसला: घ्या, गवळ्याला पाण्याचं शिकवतायत!

मला दूध काढता येतं.
पान्हा चोरणारी म्हैस मी पायाच्या ठेवणीवरून ओळखतो.
पुढं आंबोण ठेवायचं, कास कोमट पाण्यानं पुसायची,
रेडकू मेलं असलं तर त्याच्या कातड्यात पेंढा भरून
तिच्या तोंडाशी धरायचा.
केलंय मी तेही.
ती चाटते. सोडते.
माझी सगळी विद्या घ्यायची.

राजेखान मुलाणीनं खिमा दिला, पैसे घेतले नाहीत.
हौसानं तो अळणी शिजवला,
मीठ नाही, कांदा नाही, चटणीचं नाव नाही.
शेजारीण दारातनं वास घेऊन विचारून गेली,
घरात कोण आजारी?
कुणी शतावरी सांगितली, कुणी अळीव,
एकानं तर दृष्ट काढायला सांगितलं.
हौसानं नाचणीची पेज केली आणि दार लोटून घेतलं.

गुजरीतल्या कारेकरांनी माळ्यावरचा पितळी तराजू दिला.
एका पारड्यात वजनं,
एकात पिल्लू, डोळे मिटलेलं, मुटकुळं करून.
पंचवीस तोळे. सव्वीस. पंचवीस. चोवीस.
पांढऱ्या कानाचं तेवीस.
दुसऱ्या दिवशी बावीस.
हौसानं भिंतीवर खडूनं लिहिलं
आणि बराच वेळ त्या आकड्याकडं बघत राहिली.

त्या रात्री जाग आली, अंथरुणात ती नव्हती.
गोठ्यात बल्ब जळत होता.
पोत्यावर बसलेली, सुंठीचं डोकं मांडीवर.
पांढरा कान मागच्या थानाला.
सुटला की ती परत लावायची,
सुटला की परत.
आणि बोलत होती, कुत्रीशी, अगदी हळू:
पाणी पी बाई.
घाई न्हाई कसली.
हितं तुझी सासू न्हाई.
येतंय ते येऊ दे,
तुझ्यात खोट न्हाई.

सत्त्याऐंशी साली आमची मालन वीस दिवसांची होती.
घरात पन्नास लिटर दूध, आणि हौसा कोरडी.
आई म्हणाली होती,
गवळ्याच्या घरात आटलेली आणली.
मी तेव्हा धारा काढायला गेलो होतो.
रोजच जात होतो.

दारातनं मला काही बोलता आलं नाही.
वाडगा रिकामा दिसला, तो भरून आणला,
तिच्या गुडघ्याशी ठेवला.
वर न बघता म्हणाली,
सावकाश. बिचकंल ती.

सकाळी पांढरा कान पारड्यात झोपूनच राहिला,
पोट टम्म, तोंडाला दुधाचा वास.
साडेतेवीस.
खडू सापडेना, मी कोळशानं लिहिलं.
बाहेर कुणीतरी पेला वाजवत होतं:
अहो, आज धार हाय का न्हाई?
म्हटलं, थांबा जरा.
पितायत.